माणदेश : काठावरचा समाज

अरबीत ‘साहेल’ म्हणजे किनारा. सहाराच्या दक्षिण काठास हेच नाव मिळाले. महाराष्ट्रात वाळवंट नाही, तरी असा काठ सातारा जिल्ह्यातच आढळतो. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. तेथील कित्येक धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन बाहेर पडतात व पावसाच्या तोंडाशी परततात. देवही त्यांच्यासारखेच फिरते : वीरचा म्हसकोबा सोनारीहून कमळाजी धनगरामागे आला, अशी परंपरा गुंथर सोन्थायमर यांनी नोंदविली आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळात ओस पडलेल्या वाडीपाशी संपते. हा शेवट एका समाजाचा अंत म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु ती दृष्टी शाळामास्तराची, म्हणजे स्थिर वस्तीची होय. मेंढपाळाला वाडी सोडणे अपरिचित नाही. अर्थात नेमाचे निघणे व दुष्काळाचे निघणे एक नव्हे. पहिल्यात परतीचा हंगाम ठरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. आणि येथे तर मास्तरही निघून जातो. कोण परतले, हे सांगावयास निवेदकच उरत नाही.