चार वसाहती आणि खिडकीतला उजेड : डीएनए-दुरुस्तीच्या शोधाची कथा

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली, तेव्हा पेशी या रेणूची डागडुजी करीत असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. पुढे १९७४ साली क्रिकने हे मोकळेपणाने मान्य केले. गंमत अशी की, दुरुस्तीचा पुरावा त्यांच्या शोधापूर्वीच प्रयोगशाळेत हजर होता. त्याला ओळखणारे कोणी नव्हते, इतकेच.

मित्रहो, ही कथा सुरू होते एका फुटबॉल सामन्यापासून. १९४० साली न्यूयॉर्क विद्यापीठाने मिसुरीविरुद्धच्या सामन्यात लेनर्ड बेट्स या आपल्याच कृष्णवर्णीय खेळाडूला वगळले. कारण यजमानांना तो मैदानावर नको होता. विद्यार्थ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि त्यांतील सात जणांना १९४१ मध्ये तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले. त्या सातांत एव्हलिन मेझेल ही तरुणी होती. विज्ञानाच्या इतिहासात ती एव्हलिन विटकिन या नावाने ओळखली जाते. या प्रकरणामुळे न्यूयॉर्क विद्यापीठात पुढे शिकण्याचा तिचा बेत मोडला. तिने कोलंबिया विद्यापीठाची वाट धरली आणि तेथे तिला थिओडोसियस डोबझान्स्की यांच्यासारखा गुरू लाभला.

१९४४ च्या उन्हाळ्यात डोबझान्स्कींनी तिला कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे धाडले. पहिल्याच प्रयोगात तिने ई. कोलाय जीवाणूंवर अतिनील किरणांचा मारा केला. मात्रा भलतीच जास्त झाली. जवळजवळ सारे जीवाणू मेले. बशीत उरल्या केवळ चार वसाहती. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन मात्रा कमी केली असती. विटकिनने मात्र प्रश्न विचारला : हे चार का जगले? त्यांची संततीही किरणांना पुरून उरते, हे तिने दाखवून दिले. म्हणजे किरणांपुढे तग धरण्याची क्षमता आनुवंशिक होती. मला विचाराल तर डीएनए-दुरुस्तीच्या अभ्यासाचा उगम येथेच शोधावा.

त्याच संस्थेत पुढे आल्बर्ट केल्नर यांची वेगळीच पंचाईत झाली. किरणांच्या माऱ्यानंतर किती पेशी वाचतील, याचा त्यांना काही केल्या मेळ लागेना. त्यांचा संशय तापमानावर होता. अखेर लक्षात आले की, नमुने ठेवलेले पारदर्शक जलपात्र खिडकीजवळ होते. साधा दृश्य प्रकाश मरणपंथाला लागलेल्या पेशींना वाचवत होता! १९४९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रेनातो डुल्बेको यांनी जीवाणूंच्या विषाणूंबाबत तीच गोष्ट नोंदवली.

पण नेमके दुरुस्त काय होते? अतिनील किरण डीएनएच्या एकाच साखळीतील दोन शेजारी थायमिनांना एकमेकांशी जखडून टाकतात. १९६४ मध्ये ओक रिज, येल आणि स्टॅनफर्ड येथून एकमेकांना पूरक असे निष्कर्ष आले : पेशी हा खराब तुकडा कापून काढते आणि समोरच्या शाबूत साखळीचा नमुना वापरून रिकामी जागा भरते. दुहेरी साखळीचे हे महत्त्व तिच्या शोधकर्त्यांच्या नजरेतून निसटले होते.

१८७० च्या दशकात व्हिएन्नाच्या मॉरिट्झ कापोसी यांनी एका विचित्र त्वचारोगाचे वर्णन केले होते. त्यात मुलांची त्वचा उन्हाने करपते आणि कोवळ्या वयात त्यांना कर्करोग होतो. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर यांनी वृत्तपत्रात या रोगाविषयी वाचले आणि त्यांना शंका आली. त्यांनी रुग्णांच्या पेशी तपासल्या, तर त्यांत ही कापून भरण्याची क्रिया फारच मंद होती. १९६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. जीवाणूंच्या बशीतला प्रश्न आता माणसाच्या जीवनमरणाचा झाला होता.

केल्नरच्या खिडकीतला उजेड प्रत्यक्ष काय करीत होता, हे स्टॅनली रूपर्ट यांनी उलगडले : प्रकाशावर चालणारे एक विकर जखडलेली थायमिने सोडवते. तुर्कस्तानातून आलेले वैद्य अझीझ संजार हे त्यांचेच विद्यार्थी. माणसात हे विकर नाही, त्यामुळे आपली सारी भिस्त कापून भरण्याच्या क्रियेवर असते. १९८३ मध्ये संजार यांनी ती जीवाणूंच्या विकरांकरवी परीक्षानळीत घडवून दाखवली.

दरम्यान टोमास लिंडाल यांनी दाखवून दिले होते की, किरण नसले तरी डीएनए पाण्यात आपोआप झिजतो. आपल्या प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी अशी पडझड होते! साखळीची नक्कल करताना राहिलेल्या चुका कशा सुधारल्या जातात, हे पॉल मॉड्रिच यांनी शोधले. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना मिळाले. एका पारितोषिकाचे वाटेकरी तिघांहून अधिक नसतात. त्यामुळे विटकिन आणि स्टॅनफर्डचे फिलिप हॅनावॉल्ट बाहेर राहिले. हा निवाडा नियमाला धरून असेल. इतिहासाला धरून आहे, असे मला वाटत नाही. त्याच वर्षी विटकिन यांना स्टीफन एलेज यांच्यासह लास्कर पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.