ऑपरेशनच्या आधी: जागेपणी करायची कामं

आजचा विषय मला एका कप चहाने सुचवला.

दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दाखल झालो. नर्सने बजावून सांगितलं होतं की रात्री बारानंतर पोटात काही घ्यायचं नाही. आता मी पहाटे पाचला उठणारा माणूस. सौभाग्यवतींनी स्वतःसाठी थर्मासमध्ये चहा आणला होता. त्या आंघोळीला गेल्या आणि मी अर्धा कप घेतला. साडेसातला भूलतज्ज्ञ बाई आल्या. "सर, सकाळपासून काही घेतलंत?" खोटं बोलवेना. म्हटलं, "थोडा चहा." त्यांनी फाइल मिटली आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. मी चिडलो. अहो, अर्धा कप! त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, एकदा भूल दिली की तुम्हाला खोकताही येणार नाही."

ते वाक्य डोक्यात राहिलं. घरी आल्यावर त्याचा इतिहास शोधत गेलो. आज तोच सांगणार आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचवा अध्याय आहे, 'अग्रोपहरणीय'. म्हणजे काय, तर आधी काय काय जवळ आणून ठेवायचं. शस्त्रकर्माचे तीन भाग तिथे सांगितले आहेत: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. शस्त्रं, कापूस, पट्ट्या, तूप, मध, थंड-गरम पाणी आणि रोग्याला धरायला प्रेमाची, बळकट माणसं, अशी सगळी तयारी त्यात आहे. आणि रोग्याला काय द्यायचं? हलकं जेवण! मुतखडा, मूळव्याध, भगंदर, तोंडाचे रोग अशा काही शस्त्रकर्मांत मात्र उपाशी ठेवायचं. ज्याला वेदना सोसत नाही आणि जो पिणारा आहे, त्याला तीव्र मद्य द्यावं असंही सांगितलं आहे. कारणही दिलं आहे: खाल्लेला माणूस मूर्च्छित होत नाही आणि मद्य घेतलेल्याला शस्त्र जाणवत नाही.

म्हणजे बघा, सुश्रुत जेवू घालतो आणि आमच्या बाई अर्ध्या कपासाठी ऑपरेशन रद्द करतात. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. सुश्रुताचा रोगी जागा होता. जाग्या माणसाला ताकद लागते.

जागं असणं म्हणजे काय, याची एक साक्ष आपल्याकडे आहे. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार. 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये, तिच्या राहत्या घरी, तिचं स्तन काढून टाकण्याचं ऑपरेशन झालं. शस्त्रवैद्य होते नेपोलियनच्या सैन्यातले प्रसिद्ध लारे. बाईंचं वय 59. वेळेची सूचना मिळाली जेमतेम दोन तास आधी. भूल म्हणून काय, तर वाइनचा एक पेला. तोंडावर तलम रुमाल टाकला होता, त्यातून तिला पात्याची चमक दिसत होती. पुढे तिने बहिणीला, एस्थरला, लांबलचक पत्र लिहून हे सगळं कळवलं. कित्येक महिने तिला त्या दिवसाबद्दल बोलणंही जमत नव्हतं. ती पुढे 1840 पर्यंत जगली. त्या काळात रोग्याने करायची तयारी एकच होती, धीर गोळा करणं.

16 ऑक्टोबर 1846 रोजी हे बदललं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवलं आणि जॉन वॉरन यांनी रोग्याच्या मानेवरची गाठ सर्वांसमक्ष काढली. रोगी ओरडला नाही. वर्ष संपायच्या आत ही पद्धत लंडनला पोचली. वेदना गेली, ही केवढी मोठी गोष्ट! पण वेदनेबरोबर आणखी काही गेलं, ते उमगायला वेळ लागला. झोपलेल्या माणसाला ओरडता येत नाही, तसंच 'थांबा, ही बाजू नव्हे' असंही म्हणता येत नाही. आणि गिळणं, खोकणं ही शरीराची स्वतःची राखणदारीही झोपी जाते.

1946 मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी एक लेख लिहिला. एका रुग्णालयातल्या 44,016 बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांत 66 स्त्रियांच्या पोटातलं भुलेखाली उलटून श्वासमार्गात गेलं होतं. दोघी घन अन्नाने गुदमरून दगावल्या. पोटातलं आम्ल फुप्फुसाला कसं इजा करतं, हेही त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं. आपल्या पलंगाला लटकवलेल्या 'उपाशी ठेवणे' या पाटीमागे हे उभं आहे. आज ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी साधारण नियम असा आहे: हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. माझा चहा दुधाचा होता! तुमचे डॉक्टर याहून वेगळं सांगतील, तर अर्थात तेच खरं.

आता दुसरी राखणदारी, सहीची. आपल्याकडे फॉर्म आला की म्हणतात, "मुलाला द्या, तो करेल सही." 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. 44 वर्षांच्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलेखाली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण सज्ञान आहे, काही काळापुरती बेशुद्ध आहे आणि जिवावरचा प्रसंग नाही, तर आईची संमती चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी स्वायत्तता हा शब्द तीस वर्षं शिकवला. त्याचा अर्थ मात्र त्या फॉर्मच्या रिकाम्या रेघेवर कळला. पहिल्या खेपेला मीही न वाचताच सही केली होती, हे इथे कबूल करतो.

तिसरी गोष्ट. नाव काय, कशाचं ऑपरेशन, कोणती बाजू? दर माणूस तेच विचारतो आणि आपण वैतागतो, "यांना एकमेकांत बोलता येत नाही का?" जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची एक तपासणी-यादी काढली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत आपली दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यांवर आलं. तेव्हा कोणी चौथ्यांदा नाव विचारलं, तर चौथ्यांदा नीट सांगा. त्यात कंटाळण्यासारखं काही नाही.

तर या सगळ्याचं सार काय? बर्नीच्या काळी रोग्याचं काम ऑपरेशन चालू असताना होतं, सोसण्याचं. आज आपलं काम आधीच संपतं. जी राखणदारी झोपेत करता येणार नाही, ती जागेपणी दुसऱ्याच्या हाती नीट सोपवायची. त्यासाठी खरं बोलावं लागतं. रोजच्या गोळ्यांची यादी लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची गोळी, गावाकडच्या वैद्यांचं चूर्ण, सगळं सांगा. कोणती गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तंबाखू, दारू लपवू नका. सून समोर बसली असेल तर तिला बाहेर पाठवा, पण सांगा. कवळी, अंगठी, मंगळसूत्र घरच्यांकडे द्या. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावलेल्या यंत्राला त्याचा अडथळा होऊ शकतो. फॉर्म वाचा, आणि काय करणार, दुसरा पर्याय कोणता, हे विचारा.

शुद्धीवर येताना थंडी वाजेल, घसा खवखवेल, तहान लागेल, थोडं बरळालही. मी म्हणे कांटवर बोलत होतो. घाबरू नका. लवकर उठवून चालवतील, तेव्हा कुरकुर न करता चाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "काही नाही." त्या हसल्या आणि थर्मासकडे बघून सौ.ना विचारलं, "खरं ना, काकू?"

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा. फक्त तुमच्या ऑपरेशनचे प्रश्न मला नकोत, ते तुमच्या डॉक्टरांना, आणि शुद्धीत असताना विचारा.