पोपची चूक आणि मृतांचा पत्ता : चौदाव्या शतकातील एक विलक्षण वाद

१/
१ नोव्हेंबर १३३१. दक्षिण फ्रान्समधील अविन्यों शहर. सर्व संतांचा सण. ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडलेला पोप जॉन बाविसावा प्रवचनासाठी उभा राहिला. त्या दिवशी तो जे बोलला त्यामुळे पुढची तीन वर्षे युरोपातील राजदरबार, विद्यापीठे आणि मठ ढवळून निघाले. प्रश्न वरवर साधा होता : पुण्यवान माणसाचा आत्मा मृत्यूनंतर, आज, या घटकेला, नेमका कुठे असतो?

२/
या प्रश्नाचे मूळ ख्रिस्ती श्रद्धेच्या रचनेतच आहे. माणूस मरतो ही एक घटना. जगाच्या अंती सर्व मृत सदेह उठतील आणि ख्रिस्तासमोर त्यांचा न्याय होईल ही दुसरी. पहिल्या पिढीतील अनेक ख्रिस्ती लोकांना तो अंतिम दिवस हाकेच्या अंतरावर वाटत होता. त्यामुळे मधल्या काळाची फारशी चिंता नव्हती. परंतु दशके उलटली, शतके उलटली, आणि दोन घटनांमधील पोकळी वाढत गेली. त्या पोकळीत मृत काय करतात?

३/
बायबलमधून एकच एक उत्तर मिळत नाही. लूकच्या शुभवर्तमानात दरिद्री लाजर मरताच अब्राहामाच्या उराशी पोहोचतो आणि श्रीमंत माणूस यातनांत पडतो. त्याच ग्रंथात, क्रुसावरील पश्चात्तापी गुन्हेगाराला येशू त्याच दिवशी स्वर्गसुखाचे वचन देतो. उलट, ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात हुतात्म्यांचे आत्मे वेदीखाली आहेत. ते न्याय मागतात, आणि त्यांना आणखी थोडे थांबण्यास सांगितले जाते. एकीकडे ‘लगेच’, दुसरीकडे ‘थांबा’.

४/
आरंभीच्या विचारवंतांतही हाच दुभंग दिसतो. कार्थेजच्या तर्तुल्लियनच्या मते केवळ हुतात्मे थेट नंदनवनात जातात आणि इतरांना पाताळात वाट पाहावी लागते. ऑगस्टीनने मधल्या काळातील आत्म्यांसाठी गुप्त निवासस्थानांची कल्पना मांडली. तेथे ज्याच्या त्याच्या योग्यतेनुसार विसावा किंवा क्लेश मिळतात. निश्चित नकाशा मात्र कोणीच काढला नाही.

५/
सामान्य श्रद्धाळूंना नकाशापेक्षा नात्याची काळजी अधिक होती. इ. स. २०३ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात मृत्यूची वाट पाहणाऱ्या पर्पेतुआ या तरुण स्त्रीला तिचा लहानपणीच वारलेला भाऊ दिनोक्रातेस स्वप्नात दिसला. तो तहानलेला होता, पण पाण्याच्या कुंडाचा काठ त्याच्या हाताला लागत नव्हता. तिने रात्रंदिवस प्रार्थना केली. पुढच्या स्वप्नात काठ खाली आला होता, आणि मुलगा पोटभर पाणी पिऊन खेळायला गेला. जिवंतांची प्रार्थना मृतांपर्यंत पोहोचते, या श्रद्धेचे हे एक अत्यंत प्राचीन चित्र आहे.

६/
याच श्रद्धेला पुढे संस्थात्मक रूप आले. अकराव्या शतकाच्या आसपास क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी ठरवला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘पर्गेटरी’, म्हणजे शुद्धिस्थान, हा शब्द एका स्वतंत्र स्थळाचे नाव म्हणून रूढ झाला, असे फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ याने १९८१ मधील आपल्या ग्रंथात मांडले. फार वाईट नाही आणि पुरेसा निर्मळही नाही, अशा बहुसंख्य माणसांना तेथे जागा मिळाली.

७/
म्हणजे मध्यम माणसाची सोय झाली. मग संतांचे काय? जे पूर्ण शुद्ध आहेत त्यांना ईश्वराचे प्रत्यक्ष दर्शन आजच घडते की अंतिम न्यायानंतर? तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचे उत्तर स्पष्ट होते : आजच. आत्मा शुद्ध असेल तर त्याचे फळ शरीराच्या पुनरुत्थानापर्यंत अडून राहत नाही. १३२३ मध्ये याच अक्वायनसला संतपद देणारा पोप होता जॉन बाविसावा!

८/
हा जॉन कोण? मूळ नाव जाक द्युएझ, फ्रान्समधील काओरचा. १३१६ मध्ये तो पोप झाला तेव्हा वय सत्तरीच्या पुढे. तडजोडीपुरता निवडलेला हा म्हातारा अठरा वर्षे गादीवर राहिला. पोपची राजधानी तेव्हा रोमऐवजी अविन्यों येथे होती. प्रशासन आणि महसूल यांत तो निष्णात होता. शिक्षण प्रामुख्याने कायद्याचे होते, ईश्वरशास्त्राचा तो पदवीधर आचार्य नव्हता. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

९/
१३३१ च्या त्या प्रवचनात जॉनने ‘वेदीखालील आत्मे’ या प्रतिमेचा आधार घेतला. संतांचे आत्मे स्वर्गात आहेत, पण ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या छायेखाली ते विसावले आहेत. ईश्वराचे साक्षात दर्शन त्यांना पुनरुत्थान आणि अंतिम न्याय झाल्यावरच मिळेल, असे त्याने सांगितले. बाराव्या शतकातील संत बर्नार्डच्या प्रवचनांत अशाच आशयाचे विचार आहेत, याकडे त्याने बोट दाखवले.

१०/
त्याचा युक्तिवाद पोकळ नव्हता. माणूस म्हणजे केवळ आत्मा नव्हे, देह आणि आत्मा मिळून माणूस होतो. मग अर्ध्या माणसाला पूर्ण बक्षीस कसे? आणि निवाड्याआधीच सर्वांना आपापले फळ मिळाले असेल, तर अंतिम न्यायाला उरते काय? आरोपी शिक्षा भोगतो आहे, विजेता पारितोषिक घेऊन बसला आहे, आणि खटला अजून उभाच राहायचा आहे! कायद्याच्या अभ्यासकाला ही विसंगती खटकली असल्यास नवल नाही.

११/
१५ डिसेंबरला त्याने तोच विचार पुन्हा मांडला. ५ जानेवारी १३३२ च्या प्रवचनात तर्काचे पुढचे पाऊल टाकले : संतांना अंतिम न्यायापर्यंत थांबायचे असेल, तर पापीही अद्याप नरकाच्या चिरंतन शिक्षेत गेलेले नाहीत.

१२/
यात एवढे खळबळजनक काय होते? मध्ययुगीन युरोपचा दैनंदिन धर्म संतांच्या मध्यस्थीवर उभा होता. आजारी मूल, बुडणारे जहाज, अडलेली बाळंतीण, प्रत्येक संकटात कोणत्या ना कोणत्या संताचा धावा होई. संत ईश्वरासमोर उभे आहेत, म्हणून ते आपले गाऱ्हाणे त्याच्या कानी घालतात, ही त्यामागची समजूत. ते अजून त्याच्या दारातच ताटकळत असतील, तर यात्रा, नवस आणि अवशेषपूजा यांचा आधारच डळमळतो.

१३/
त्यातच जॉनचे शत्रू टपून बसलेले होते. ख्रिस्त व त्याचे प्रेषित यांच्या मालकीचे काहीच नव्हते, हे फ्रान्सिस्कन साधूंचे मत त्याने १३२३ मध्ये पाखंड ठरवले होते. त्या पंथाचा प्रमुख मायकल ऑफ चेझेना आणि प्रसिद्ध तर्कशास्त्रज्ञ विल्यम ऑफ ऑकम हे १३२८ मध्ये अविन्योंहून पळून सम्राट लुडविगच्या आश्रयाला गेले. लुडविगने त्याच वर्षी रोममध्ये एक प्रतिपोपही उभा केला होता. आता या मंडळींच्या हाती शस्त्रच आले : पोप स्वतःच पाखंडी आहे!

१४/
पण विरोध फक्त शत्रूंचा नव्हता. जानेवारी १३३३ मध्ये थॉमस वेलिस या इंग्लिश डोमिनिकन साधूने खुद्द अविन्योंमध्ये, पोपच्या डोळ्यांदेखत म्हणावे असे, त्याच्या मताविरुद्ध प्रवचन दिले. काही दिवसांतच तो इन्क्विझिशनच्या कोठडीत गेला. दिलेले कारण काहीही असो, लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. मो या शहराचा बिशप आणि नामवंत ईश्वरशास्त्रज्ञ ड्युरांड यानेही विरोधात लिहिले. त्याच्या लेखनाचीही चौकशी सुरू झाली.

१५/
नेपल्सचा विद्वान राजा रॉबर्ट हा पोपचा मित्र. त्यानेही याच विषयावर ग्रंथ लिहून असहमती नोंदवली. निर्णायक घाव मात्र पॅरिसहून आला. फ्रान्सिस्कनांचा नवा प्रमुख जेराल्ड ओडोनिस याने तेथे पोपची बाजू मांडताच विद्यापीठात गदारोळ उठला. १९ डिसेंबर १३३३ रोजी राजा सहावा फिलिप याने व्हँसेनच्या राजवाड्यात ईश्वरशास्त्राच्या आचार्यांना बोलावून थेट मत विचारले. उत्तर आले : शुद्ध आत्म्यांना ईश्वराचे दर्शन आजच घडते.

१६/
जॉनचा बचाव मनोज्ञ आहे. राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की आपण कोणताही अंतिम निर्णय जाहीर केलेला नाही. केवळ धर्मग्रंथ व पूर्वाचार्यांची वचने चर्चेसाठी पुढे ठेवली आहेत, आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची सर्वांना मोकळीक आहे. आपण ईश्वरशास्त्राचे आचार्य नाही, या टीकेवर त्याचे उत्तर होते : कोण बोलतो हे पाहू नये, काय बोलतो ते पाहावे. मात्र वेलिस त्या वेळीही बंदिवासातच होता. मोकळीक कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे त्यावरून दिसते.

१७/
३ डिसेंबर १३३४. नव्वदीच्या घरातील जॉन मृत्युशय्येवर होता. त्याने कार्डिनलांना भोवती बोलावले आणि जाहीर केले : शुद्ध झालेले आत्मे स्वर्गात आहेत आणि देहापासून वेगळ्या झालेल्या आत्म्याच्या स्थितीला जितके शक्य आहे तितके ते ईश्वराला साक्षात पाहतात. याविरुद्ध आपण जे काही बोललो असू ते मागे घेतो. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ज्या प्रश्नावर त्याने तीन वर्षे वाद घातला, त्याच्या उत्तराकडे तो आता स्वतःच निघाला होता.

१८/
त्याच्या जागी आला जाक फूर्निए, म्हणजे पोप बेनेडिक्ट बारावा. गादीवर येण्यापूर्वी तो पामिए या डोंगरी भागाचा बिशप होता, आणि मोंतायू गावच्या शेतकऱ्या-मेंढपाळांच्या त्याने घेतलेल्या जबान्या आज इतिहासकारांचा खजिना मानल्या जातात. त्या दप्तरात आर्नो जेलिस नावाचा माणूस भेटतो. मृत आपल्याला भेटतात, असे तो सांगे. ते एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये भटकतात, तेच त्यांचे प्रायश्चित्त, आणि मग ते विसाव्याच्या जागी पोहोचतात. मृतांचे निरोप तो त्यांच्या नातलगांना पोहोचवी.

१९/
फूर्निएने जेलिसला आपली मते सोडण्यास भाग पाडले. म्हणजे मधल्या काळाविषयीचा वाद केवळ लॅटिन जाणणाऱ्यांचा नव्हता. डोंगरातल्या गावात भटकणारे मृत होते, तर राजधानीत वेदीखाली थांबलेले संत. एका साध्या माणसाला न्यायालयात उभे करणाऱ्या फूर्निएला पुढे कार्डिनल म्हणून खुद्द पोपच्या मतांची तपासणी करावी लागली. त्याने या विषयावर विस्तृत ग्रंथ लिहिला.

२०/
२९ जानेवारी १३३६ रोजी ‘बेनेडिक्टुस देउस’ या आज्ञापत्राने बेनेडिक्टने वाद मिटवला. ज्यांना शुद्धीची गरज नाही ते मृत्यूनंतर लगेच, आणि ज्यांना गरज आहे ते शुद्धी पूर्ण होताच, ईश्वराला साक्षात पाहतात. घोर पापात मेलेले तत्काळ नरकात जातात. तरीही अंतिम दिवशी सर्वांना सदेह ख्रिस्तासमोर उभे राहावे लागेल. जॉनने विचारलेला प्रश्न (मग अंतिम न्यायाला उरते काय?) मात्र या निर्णयाने पुरता सुटला नाही. माणसाच्या भवितव्याचा निर्णायक क्षण जगाच्या अंतापासून सरकून त्याच्या मृत्युशय्येपाशी आला.

२१/
या सरकण्याचे परिणाम दूरवर गेले. मृत्यूच्या घडीला पापकबुली, मृतांसाठी मिस्सा आणि शुद्धिस्थानातील शिक्षा कमी करणाऱ्या दंडमाफीपत्रांचे महत्त्व वाढत गेले. १४३८ मध्ये फेरारा येथील परिषदेत पूर्वेकडील ग्रीक चर्चचे प्रतिनिधी आले तेव्हा शुद्धिस्थान हा चर्चेचा पहिला मोठा विषय ठरला. मृतांसाठी प्रार्थना ग्रीकांना मान्य होती, शुद्ध करणारा अग्नी मात्र त्यांना मान्य नव्हता. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सला एकीचा करार झाला. त्यात अग्नीचा उल्लेख टाळला गेला. ती एकीही टिकली नाही.

२२/
१५१७ मध्ये मार्टिन लूथरने दंडमाफीपत्रांवर हल्ला चढवला. पुढे प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थानच नाकारले. पण मधला काळ त्यांनाही सुटला नाही : लूथर मृतांच्या गाढ निद्रेची भाषा वापरी, तर आत्मा झोपतो या मताविरुद्ध कॅल्विनने स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८७० मध्ये व्हॅटिकन परिषदेत पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त चर्चेला आला, तेव्हा विरोधकांना जॉनची आठवण झाली. समर्थकांचे उत्तर जॉनच्याच शब्दांतले होते : त्याने मत मांडले होते, निर्णय दिला नव्हता.

२३/
आजही २ नोव्हेंबरला जगभरच्या कॅथलिक दफनभूमींत, वसईत आणि गोव्यातही, थडग्यांवर फुले वाहिली जातात आणि मेणबत्त्या लागतात. तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या मनात आज्ञापत्राचे कलम क्वचितच असते. पर्पेतुआला तुरुंगात पडलेला प्रश्नच त्याच्याही मनात असतो : आपले माणूस आत्ता कुठे असेल, आणि आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचेल का?

२४/
या वादाचे खरे महत्त्वही तेथेच आहे. सर्वोच्च धर्मगुरूने एक मत मांडले, आणि साधू, बिशप, राजे व प्राध्यापक यांनी त्याला जाहीरपणे ‘नाही’ म्हटले. काहींनी त्यासाठी कोठडी भोगली. आणि अखेरच्या दिवशी त्या वृद्धाने आपला शब्द मागे घेतला. मृतांचा पत्ता कोणाला सापडला की नाही, हे इतिहास सांगू शकत नाही. अधिकारालाही प्रश्न विचारता येतो, एवढे मात्र या तीन वर्षांनी दाखवून दिले.