सैन्य राणीचे की मंत्र्यांचे? (थ्रेड)

१८५० साली वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनने (१८०३ मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली) एक सूचना केली : आपल्यामागे ब्रिटिश सैन्याचे सरसेनापतिपद राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी स्वीकारावे. अल्बर्ट यांनी नकार दिला. त्याच वर्षी १ मे रोजी, वेलिंग्टनच्या ८१व्या वाढदिवशी, राणीला तिसरा पुत्र झाला. नाव ठेवले आर्थर. हे नाव लक्षात असू द्या.

१८५६ मध्ये ते पद राणीचा चुलतभाऊ जॉर्ज, ड्यूक ऑफ केंब्रिज याच्याकडे गेले. वय ३७. पुढची ३९ वर्षे तो तिथून हलला नाही!

सैन्य राजमुकुटाचे, मंत्र्यांचे नव्हे, अशी राणीची धारणा होती. पैसा मात्र संसद देई. १८७० मध्ये युद्धमंत्री कार्डवेलने सरसेनापतीला स्पष्टपणे आपल्या हाताखाली आणले.

त्या काळी अधिकारपदे विकत मिळत. पायदळातील लेफ्टनंट कर्नलपदाची अधिकृत किंमतच ४,५०० पौंड होती. ही प्रथा मोडण्यास लॉर्ड्स सभागृह आडवे आले, तेव्हा १८७१ मध्ये ग्लॅडस्टन सरकारने राणीच्याच सहीचे फर्मान काढून ती रद्द केली. सही राणीची, निर्णय मंत्रिमंडळाचा. माझ्या मते सत्तेचे खरे स्थलांतर इथेच दिसते.

आता आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट. १८८६ ते १८९० तो मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. या लष्कराचे मुख्यालय पुण्यात. केंब्रिजनंतर आर्थरच यावा, ही आईची मनीषा.

सुधारणांना सतत विरोध करणाऱ्या केंब्रिजला अखेर युद्धमंत्री कॅम्पबेल-बॅनरमन याने निवृत्तीस राजी केले. २१ जून १८९५ रोजी त्याने ही घोषणा केली आणि त्याच दिवशी, कॉर्डाइट या स्फोटकाचा साठा अपुरा असल्याच्या ठपक्यावरून, सरकार ७ मतांनी हरले! राणीच्या भावाला सांभाळून बाजूला करणाऱ्या या मंत्र्याला जाताजाता ‘सर’ ही पदवी मिळाली.

नवे सरकार लॉर्ड सॉल्सबरी यांचे, म्हणजे राणीच्या मर्जीतले. तरीही नेमणूक झाली ती वुल्स्लीची.

१९०४ मध्ये सरसेनापतिपदच रद्द झाले. त्याच वर्षी आर्थरला मिळाले सैन्याच्या महानिरीक्षकाचे पद : पाहणी करायची आणि अहवाल द्यायचा.