हॉवर्ड टेट खरंच हरवला होता का?

जॅनिस जॉप्लिनचा ‘पर्ल’ हा अल्बम 1971 च्या जानेवारीत आला, तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते. त्यातलं ‘गेट इट व्हाइल यू कॅन’ लोक तिचंच गाणं समजतात. मिळतंय तोवर घेऊन टाका, असं सांगणारं गाणं. पण 1967 सालीच ते एका दुसऱ्याच गायकाच्या अल्बमवर होतं. त्याचं नाव हॉवर्ड टेट. ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, खुद्द अमेरिकेतही ते फार थोड्यांना माहीत होतं!

टेट 1939 साली जॉर्जिया राज्यात जन्मला आणि फिलाडेल्फियात वाढला. गळा तयार झाला चर्चमध्ये. सोल संगीत म्हणजे तरी काय, देवाला घातलेली आर्त साद माणसाला घालायची! जेरी रॅगोवॉय या गीतकार-निर्मात्याने त्याच्याकडून गाणी गाऊन घेतली. खालच्या सुरात आपल्याशी बोलता बोलता टेट अचानक असा वर जातो, की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो. त्याचा मात्र नाही.

1966 मध्ये त्याचं ‘एन्ट नोबडी होम’ गाजलं. पुढे ते बी. बी. किंग गायला. ‘स्टॉप’ हे दुसरं गाणं जिमी हेंड्रिक्सने मैफलीत वाजवलं. म्हणजे गाणी मोठ्या घरी पडली आणि गायक मात्र मागेच राहिला. आपल्याला पैसे नीट मिळालेच नाहीत, ही त्याची कायमची तक्रार होती.

1972 मध्ये आणखी एक अल्बम निघाला. तोही फार चालला नाही. सत्तरचं दशक संपेपर्यंत टेटने गाणं सोडलं आणि तो विमा विकू लागला. मग घराला लागलेल्या आगीत त्याची तेरा वर्षांची मुलगी गेली. संसार मोडला, नशेने धरलं, आणि ऐंशीच्या दशकात हा माणूस न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या रस्त्यांवर राहत होता.

याच काळात जुन्या तबकड्या जमवणारे लोक टेटच्या रेकॉर्डी जिवापाड जपत होते. 1995 मध्ये ती गाणी सीडीवर आली आणि नवे कान मिळाले. पण गाणारा कुठे आहे? बऱ्याच जणांनी तो मेला असंच धरलं होतं. न्यू जर्सीतल्या एका रेडिओ निवेदकाने मात्र त्याचा शोध घ्यायचं मनावर घेतलं. अखेर 2001 च्या सुरुवातीला ‘हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स’ या गटातल्या एका माजी गायकाला टेट भेटला. कुठे? किराणा सामानाच्या दुकानात! लोक तुला शोधताहेत, हे त्याला तिथे कळलं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. चाहत्यांच्या लेखी हरवलेला टेट नशेतून केव्हाच बाहेर आला होता आणि 1994 पासून धर्मोपदेशक म्हणून काम करत होता. म्हणजे चाहत्यांनी त्याला वाचवलं नाही. तो आधीच, त्यांच्या टाळ्यांशिवाय, स्वतःला सापडला होता. ‘विस्मृतीतून बाहेर काढलं’ असं आपण किती सहज म्हणतो! विस्मृती आपली असते, त्या माणसाचं जगणं तर चालूच असतं.

मग चाहत्यांनी काहीच केलं नाही का? केलं की! जे गाणं त्याने मागे टाकलं होतं, ते त्यांनी सांभाळून ठेवलं आणि वेळ आल्यावर त्याच्या हाती परत दिलं. 2003 मध्ये रॅगोवॉयबरोबर त्याचा ‘रीडिस्कव्हर्ड’ हा अल्बम आला, त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. 2011 च्या जुलैमध्ये रॅगोवॉय गेला आणि डिसेंबरमध्ये टेट. पण मध्ये दहा वर्षं मिळाली.

‘रीडिस्कव्हर्ड’मध्ये ‘गेट इट व्हाइल यू कॅन’ पुन्हा आहे, साथीला फक्त पियानो. आधी 1967 चं ऐका, मग हे. पहिल्यात तो सल्ला देतोय. दुसऱ्यात त्याला त्या शब्दांची किंमत ठाऊक आहे.