पोलिसांच्या गाडीतून दवाखान्यात

आज १०८ फिरवला की येणाऱ्या गाडीत ऑक्सिजन असेल आणि तो लावता येणारं माणूसही असेल, असं आपण धरून चालतो. १९६६ सालच्या अमेरिकेत असं धरून चालता येत नव्हतं. त्या वर्षीच्या एका राष्ट्रीय अहवालानुसार देशातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत होते. का? तर आडवं माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडे होती म्हणून!

पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांकडे होतं. कैदी न्यायच्या गाडीत मागे रुग्ण आणि पुढे पोलीस. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत तर पोलिसांना बोलवावं का, इथूनच प्रश्न सुरू व्हायचा. पण १९६६च्या नोव्हेंबरात शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले, आणि त्यांनाही तीच गाडी मिळाली. दवाखान्यात पोचेपर्यंत मेंदूला फार वेळ ऑक्सिजन मिळाला नव्हता. काही दिवसांनी ते गेले.

तिथे त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर पीटर सफार हे तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीचे एक जनक. त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दम्याने गेली होती. दवाखाना रुग्णापर्यंत न्यायचा, हा विचार त्यांनी आता कागदावर आणला : गाडीची रचना, आतली उपकरणं, सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण. माणसं कुठून आणायची याचं उत्तर फिल हॅलन यांच्याकडे होतं. ते एका धर्मादाय निधीचे प्रमुख. हिल डिस्ट्रिक्टमध्ये गरजूंना भाजीपाला पोचवणाऱ्या 'फ्रीडम हाउस' या स्वयंसेवी संस्थेशी त्यांनी सफार यांची गाठ घालून दिली.

मला या आखणीतला सर्वांत धाडसी भाग हाच वाटतो. पहिल्या तुकडीत साधारण २५ जण होते. बेरोजगार, काही जण शाळा सोडलेले, काही व्हिएतनामहून परतलेले. शहराच्या लेखी ही बिनकामाची पोरं, आणि सफार त्यांना श्वासनलिका मोकळी ठेवायला शिकवत होते. १९६८मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच वर्षी सुमारे ५,८०० कॉल घेतले.

सफार आकडे ठेवत होते. १९७२च्या एका पाहणीत गंभीर रुग्णांना योग्य उपचार देण्याचं फ्रीडम हाउसचं प्रमाण ८९ टक्के निघालं. पोलिसांचं ३८. आणि इतर स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिकांचं अवघं १३! मदतीची इच्छा त्यांनाही होतीच की. कमी होते ते तास.

आखणीत एक जागा मात्र कच्ची राहिली. पैसा आणि हद्द, दोन्ही शहराच्या कंत्राटावर होतं. श्रीमंत गोऱ्या वस्त्यांमध्ये पोलिसांचीच गाडी जायची, आणि आपल्यापेक्षा हिलमध्ये चांगली सेवा मिळते हे तिथल्या लोकांच्या लक्षात यायला लागलं. महापौर पीट फ्लॅहर्टी यांनी उत्तर काढलं ते फ्रीडम हाउसला वाढवण्याचं नव्हे, शहराची स्वतःची सेवा उभारण्याचं. ८९ टक्क्यांचा आकडा टेबलावर असूनही. ऑक्टोबर १९७५मध्ये फ्रीडम हाउस बंद झालं.

तेव्हाच्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी अट घातली होती की इथल्या माणसांना नव्या सेवेत घ्यायचं. घेतलं खरं. पण जुन्या तुकड्या फोडल्या, नव्या परीक्षा लावल्या, आणि एकेक जण गळत गेला. कॅरोलाइन यांनी पुढे लिहिलेलं 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' हे पाठ्यपुस्तक देशभरच्या पॅरामेडिकांच्या हातात गेलं. जे टिकले त्यांतले जॉन मून शहराच्या त्याच सेवेत पुढे सहायक प्रमुख झाले.