दुभाषी कोणाचा?

दुभाषी हे आडनाव आम्हां गोमंतकीयांना नवे नाही. पोर्तुगीज आमदानीत सरकारदरबारी दुभाष्याचे पदच होते, आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली पोर्तुगीजांच्या मुत्सद्देगिरीतल्या एतद्देशीय वकील-दुभाष्यांवर पोर्तुगीजमध्ये एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. या मंडळींबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. हा दुभाषी सरकारचा. मराठ्यांकडून पत्र आले, वकील आला, की व्हाइसरॉयला त्याचे म्हणणे कळले पाहिजे, म्हणून त्याला वेतन. एखाद्या गरीब कुळाला कचेरीत आपल्याविषयी काय चालले आहे ते समजावे, हे काही त्याच्या नेमणुकीचे कारण नव्हे.

सरकारला माणसाचे बोलणे कळणे आणि माणसाला सरकारचे बोलणे कळणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची सोय सगळीच राज्ये करतात. दुसरीसाठी भांडावे लागते. अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांनी (तिकडे त्यांना हिस्पॅनिक म्हणतात) हे भांडण कसे केले, त्याचा इतिहास आपण गोव्यात वाचावा असा आहे.

या स्पॅनिश भाषकांना आपण सरसकट ‘बाहेरून आलेले’ समजतो. त्यातले पुष्कळ तसे आहेतही, पण सगळे नाहीत. १८४८ साली मेक्सिकोशी झालेले युद्ध संपले, ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला आणि कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसे होती तिथेच राहिली, सरहद्द तेवढी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे सरकली. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या पहिल्या राज्यघटनेत सर्व कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापावेत, असे स्पष्ट कलम होते. पुढे सोन्याच्या लोभाने लोंढेच्या लोंढे आले, स्पॅनिश भाषक आपल्याच गावात अल्पसंख्य झाले आणि १८७९ च्या नव्या घटनेने ते कलम काढून सरकारी लिखाण फक्त इंग्रजीत व्हावे असे ठरवले. अवघी तीस वर्षे! आमच्याकडे १६८४ साली व्हाइसरॉय कोंदे दे आल्व्होरने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम काढला होता. त्यात धाक होता. कॅलिफोर्नियात तसला हुकूम लागलाच नाही. एक कलम गाळले की काम झाले.

पोर्तो रिकोची गोष्ट आणखी वेगळी. हे बेट १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आले आणि १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळाले. शाळांतून इंग्रजी लादण्याचे प्रयोग सुमारे पन्नास वर्षे चालले, मग १९४९ च्या सुमारास शिक्षणाचे माध्यम पुन्हा स्पॅनिश झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या बेटावरचे लोक मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला येऊ लागले. जन्माने नागरिक, पासपोर्टाची गरज नाही, पण न्यूयॉर्कच्या कायद्यात नव्या मतदाराला इंग्रजी लिहिता-वाचता आलेच पाहिजे अशी अट होती. अमेरिकेच्याच झेंड्याखालच्या शाळेत स्पॅनिशमधून शिकलेला माणूस अमेरिकेतच निरक्षर ठरे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात रॉबर्ट केनेडी आणि जेकब जॅव्हिट्स या न्यूयॉर्कच्या दोन सिनेटरांनी पोट-कलम घालून घेतले: अशा शाळेत सहावी पास झालेल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मत नाकारता येणार नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

ही सहावीची यत्ता लक्षात ठेवा. पुढच्या माणसाचे शिक्षणही तेवढेच होते.

नेग्रॉन हा पोर्तो रिकोहून आलेला तरुण लाँग आयलंडवर बटाटे भरण्याच्या कामावर होता. १९६६ साली झालेल्या एका खुनाबद्दल १९६७ मध्ये त्याच्यावर खटला चालला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि सरकारने दिलेल्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. खटला चार दिवस चालला. सरकारपक्षाचे चौदा साक्षीदार होते आणि त्यातले बारा इंग्रजीत बोलले. कोर्टात दुभाषीण नव्हती असे नाही, होती. पण ती फिर्यादी पक्षाने बोलावलेली. नेग्रॉन स्वतः आणि दोन स्पॅनिश साक्षीदार बोलले तेव्हा तिने त्यांचे बोलणे न्यायाधीशांना आणि ज्यूरीला इंग्रजीत करून सांगितले. उलट दिशेने मात्र काही नाही. मधल्या दोन सुट्ट्यांत दहा-वीस मिनिटे त्याच्याजवळ बसून तिने ‘आतापर्यंत साधारण असे असे झाले’ एवढा गोषवारा दिला. शिक्षा झाली किमान वीस वर्षे, कमाल जन्मठेप.

म्हणजे पुन्हा तोच सरकारचा दुभाषी! कोर्टाला आरोपीचे कळले, आरोपीला कोर्टाचे कळले नाही. आणि कोर्टाच्या लेखी यात कसलीच उणीव नव्हती. आमच्याकडे आजही जुन्या जमिनीचे पोर्तुगीज कागद घेऊन लोक भाषांतरकाराच्या दारात उभे राहतात. आजोबांची सही आहे, खाली काय लिहिले आहे ते घरात कोणाला वाचता येत नाही, ही स्थिती आपल्यातल्या कित्येकांच्या परिचयाची आहे. पण तिथे प्रश्न जमिनीचा असतो, इथे अख्ख्या आयुष्याचा होता.

प्रकरण अपिलात गेले आणि १९७० साली न्यायाधीश आयर्व्हिंग कॉफमन यांनी निकाल दिला. (हेच ते कॉफमन, ज्यांनी १९५१ मध्ये रोझेनबर्ग पती-पत्नींना देहदंड सुनावला होता. माणसाचे एकाच निकालावरून मोजमाप करू नये.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आरोपी शरीराने कोर्टात बसला होता एवढ्याने तो हजर होता असे होत नाही. चालले आहे ते समजले तर तो हजर. त्याने मागणी केली नाही हा युक्तिवाद टिकत नाही, कारण असा काही हक्क आपल्याला आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. तो सांगणे कोर्टाचे काम, आणि दुभाष्याचा खर्च गरज असेल तर सरकारचा.

या निकालानंतर आठ वर्षांनी, १९७८ साली, संघराज्याच्या न्यायालयांसाठी दुभाष्यांचा कायदा झाला आणि १९८० पासून स्पॅनिशची परीक्षा सुरू झाली. ही परीक्षा फार कठीण. गोव्यात तीन-चार भाषा बोलणारा कोण नाही? पण साक्षीदार बोलत असतानाच, त्याच्या मागे अर्धे वाक्य राहून, एक शब्दही पदरचा न घालता दुसऱ्या भाषेत बोलत राहणे ही विद्या निराळी. घरच्या माणसाने किंवा शेजाऱ्याने ‘सांगून देणे’ म्हणजे दुभाषेपण नव्हे, हे मान्य व्हायला एवढा काळ गेला.

कोर्टाचे झाले, पण इस्पितळाचे काय? लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मेक्सिकन वंशाच्या बायकांवर बाळंतपणाच्या वेळी नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कळा सुरू असताना इंग्रजी कागद पुढे करून सह्या घेतल्या गेल्या. कित्येकींना आपले काय झाले ते पुष्कळ नंतर कळले. १९७५ साली त्यांच्यातल्या दहाजणी कोर्टात गेल्या, आणि १९७८ मध्ये हरल्या. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, एकमेकांचे बोलणे नीट कळले नाही इतकेच, असे न्यायाधीशांचे मत पडले. ‘इतकेच’ या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. पण या बायकांच्या धडपडीने नियम बदलले. संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यावी आणि संमती व शस्त्रक्रिया यांत तीस दिवसांचे अंतर असावे, अशी अट सरकारी पैशांतून होणाऱ्या नसबंदीला लागली.

पुढे १९८० साली फ्लोरिडात एक अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्ध होऊन इस्पितळात आला. क्यूबन घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. खाण्यातून काहीतरी बाधले, असा त्यांचा अर्थ. पोर्तुगीज जाणणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींना तो चटकन कळेल. डॉक्टरांनी इंग्रजी अर्थ घेतला, अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले, आणि मेंदूतला रक्तस्राव दोन दिवस तसाच राहिला. मुलाचे हातपाय कायमचे गेले. नुकसानभरपाई आयुष्यभराची मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर ठरली. गोव्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या रांगेत आज कन्नड आणि हिंदी बोलणारे मजूर दिसतात, त्यांच्या वतीने बोलणारे असते बहुधा त्यांचे शाळेत जाणारे पोर. राजभाषा कोणती यावर आपण १९८७ च्या आधीपासून भांडत आलो. ते भांडण खरेच होते, मी त्याला कमी लेखत नाही. पण दवाखान्यातला कागद कोणाला वाचता येतो, यावर एखादी सभा भरल्याचे मला आठवत नाही.

अमेरिकेत या सगळ्यामागचा मुख्य आधार म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण. सरकारी पैसा घेणाऱ्याने वंश किंवा मूळ देश पाहून भेद करू नये, असे ते सांगते. त्यात भाषेचा उल्लेखही नाही. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात भाषा न कळू देणे हाही भेदच, असा अर्थ निघाला, आणि फायदा स्पॅनिश मुलांनाही झाला. १९७५ मध्ये मतपत्रिका अनेक भाषांत आल्या. (त्याच कलमाखाली २०११ नंतर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगालीलाही जागा मिळाली.) ११ ऑगस्ट २००० रोजी क्लिंटन यांनी आदेश काढून प्रत्येक केंद्रीय खात्याला इंग्रजी न येणाऱ्यांसाठी योजना आखायला लावली. पुढच्याच वर्षी अलाबामातल्या इंग्रजी-एके-इंग्रजी वाहन परवाना परीक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, भेद हेतुपूर्वक नसेल तर सामान्य माणसाला या प्रकरणाखाली दावा लावता येणार नाही. हक्क कागदावर राहिला, दार लहान झाले.

१ मार्च २०२५ रोजी ट्रम्प यांनी इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला आणि क्लिंटन यांचा आदेश रद्द केला. चालू असलेल्या सेवा खात्यांनी बंद केल्याच पाहिजेत असे त्यात नाही. पण त्या चालू ठेवल्याच पाहिजेत असेही आता नाही. संसदेने केलेले कायदे अशा आदेशाने पुसले जात नाहीत. त्यामुळे १९६४ चा कायदा आहे, न्यायालयातल्या दुभाष्याचा आहे, आणि अनेक भाषांतल्या मतपत्रिकांच्या कलमाची मुदत ऑगस्ट २०३२ पर्यंत आहे.